पायाखालचा ठेका

गावोगावच्या भजनी मंडळांत अलीकडे एक नवी वस्तू दिसू लागली आहे. ती म्हणजे प्लास्टिकची खुर्ची! सतरंजीवर मांडी ठोकून रात्र जागवणारे टाळकरी आता साठीच्या पुढे गेले. गुडघे कुरकुरतात, डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केलेली असते, आणि अभंग तर सोडवत नाही. मग सतरंजीच्या कडेला दोन-चार खुर्च्या मांडल्या जातात आणि मंडळी त्यांवर बसून सूर धरतात. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या बाबतीत एक गंमत घडते. त्याचा पाय मोकळा होतो, आणि मोकळा झालेला पाय काही गप्प बसत नाही. टाळ हातात असो वा नसो, चवडा वर-खाली होत राहतो आणि समेवर फरशीला ठोका बसतो. फरशी दगडाची असल्यामुळे ती काही उत्तर देत नाही, एवढेच.

तीच फरशी पोकळ लाकडाची असती तर? आजचा विषय इतकाच आहे. पायाखाली ठेवायची एक लाकडी पेटी, जिच्यावर बसल्या जागी पायाने ठेका धरता येतो. परदेशात गिटार घेऊन एकटे गाणारे कलाकार ती सर्रास वापरतात. घरच्या घरी, सुताराच्या मदतीने एका दिवसात ती होते. 'पायपेटी' हे नाव तिला देता येत नाही, कारण ते पायाने भाता मारायच्या हार्मोनिअमने आधीच घेऊन ठेवले आहे. आपण तिला तूर्त 'पायढोल' म्हणू या.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत पायढोलाची गरज का वाटावी, ते आधी सांगायला हवे. भीमा नदी दोघांच्या मधून जाते. शिरूरच्या बाजूला रांजणगावची औद्योगिक वसाहत, दौंडच्या बाजूला कुरकुंभची. शिवाय दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. मनमाडकडे आणि सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक तिथल्या कित्येक घरांचे जेवणाचे वेळापत्रक ठरवते. अशा गावांतला मृदंग वाजवणारा मुलगा बहुधा तरुण असतो, आणि तरुण असतो म्हणूनच कारखान्यात किंवा रेल्वेत असतो. एकादशी त्याच्या पाळीची सोय पाहून येत नाही. तो दुसऱ्या पाळीला गेला की संध्याकाळी देवळात पेटी असते, टाळ असतात, गळेही असतात, ठेका नसतो. टाळांनी लय सांभाळता येते हे खरे, पण टाळ म्हणजे सगळा वरचा, चढा आवाज. खाली खर्जाचा एक 'धुम्' असल्याशिवाय गाण्याला जमीन मिळत नाही.

यावर हल्ली तबल्याचे यंत्र किंवा मोबाइलमधला तबला लावतात. त्याची लय अचूक असते. तीच त्याची अडचण आहे! अभंग म्हणणारा माणूस एखाद्या चरणावर रेंगाळतो, गजराकडे येताना चढत जातो, मध्येच थांबून दोन वाक्ये बोलतो. हाडाचा मृदंगवाला त्याच्या तोंडाकडे पाहत असतो. यंत्राला तोंड दिसत नाही. यंत्राबरोबर गाताना गाणाऱ्याला यंत्राच्या मागे जावे लागते. स्वतःच्या पायाचे तसे नसते. पाय गाणाऱ्याच्याच अंगाचा असल्यामुळे तो श्वासाबरोबर थांबतो आणि श्वासाबरोबर निघतो. माझ्या मते पायढोलाची सगळी महती या एका गोष्टीत आहे. आवाज, दिसणे, स्वस्ताई हे सारे त्यानंतरचे.

मग इतकी साधी गोष्ट आपल्याकडे आधीच का झाली नाही? ढोल, ताशा, हलगी, डफ, दिमडी, संबळ, ढोलकी, मृदंग अशी ज्या प्रांतात तालवाद्यांची दाटी, तिथे पायाने वाजवायचे वाद्य नसावे याचे आश्चर्य वाटते. उत्तर आपल्या बैठकीत आहे. आपला गवई आणि वादक जमिनीवर बसतो. मांडी घातली की पाय कामातून गेले. याचा उत्तम पुरावा म्हणजे हार्मोनिअम. युरोपातून हे वाद्य आले ते खुर्चीवर बसून, दोन्ही पायांनी भाता हाणत वाजवायचे. १८७५ च्या सुमारास कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे नेला आणि तो डाव्या हाताच्या ताब्यात दिला. एक हात वाजवायला उरला तरी चालेल, पण बैठक मोडायची नाही, असा तो सौदा होता. संगीत नाटकांत मात्र पायाने हवा भरायचा ऑर्गन टिकून राहिला, कारण रंगमंचापुढे ऑर्गनवाला स्टुलावर बसत असे. बैठक बदलली की पाय कामाला लागतो, बैठक आली की पाय सुटीवर जातो. हा नियम इतका पक्का आहे.

आणि उभ्याने गाणाऱ्यांकडे पाहा. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव एकटाच असतो. एका हातात टाळ, दुसऱ्या हातात चिपळ्या आणि पायात घुंगरू. कुणाची साथ नको, कुणाची वाट पाहणे नको. पहाटेच्या अंधारात हा एकट्याचा वाद्यवृंद दारोदार फिरतो. लावणीत तर पाय हे मुख्य वाद्यच. शिरूरहून न्हावरे, पारगाव, केडगाव करीत साताऱ्याकडे जाणारा रस्ता ज्या ठिकाणी पुणे-सोलापूर हमरस्त्याला छेदतो, ते दौंड तालुक्यातले चौफुला. तिथली कला केंद्रे संगीत बारीसाठी प्रसिद्ध आहेत. ढोलकीच्या तोडीस तोड उत्तर देणारे चाळ ज्यांनी तिथे ऐकले असतील त्यांना पायाने ताल धरता येतो का, हे सांगायची गरज नाही. ढोलकीवाला जे बोल हातांनी काढतो तेच नर्तिका टाचेने आणि चवड्याने परत करते. तमाशाच्या फडाचा रंगमंच फळ्यांचा असतो, आणि फळ्यांखाली पोकळी असते. त्यामुळे घुंगरांच्या छनछनाटाखाली पावलाचा एक भरीव धमका ऐकू येतो. तो धमका म्हणजे पायढोलच. फक्त तो वीस-पंचवीस फूट रुंदीचा आहे आणि त्याला कुणी वाद्य म्हणत नाही.

शिरूर तालुक्याने तमाशाला माणसेही दिली. कवठे यमाई हे त्यातले ठळक गाव. तमाशा कलावंत गंगाराम कवठेकर तिथले. फडांसाठी गाणी आणि वगनाट्ये लिहिणारे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकरही तिथलेच. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला आणि २०२१ मध्ये ते गेले. तेव्हा पायाच्या तालाची ही गोष्ट या मुलखाला परकी आहे असे समजण्याचे कारण नाही. परकी आहे ती फक्त खुर्ची.

परदेशात खुर्ची आधीपासूनच होती. कॅनडातल्या क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांतात व्हायोलिन वाजवणारा लोककलाकार खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी खालच्या फळीवर टप्पटप् ठेका धरतो. तिथे ती वादनाची एक मान्य रीतच आहे. अमेरिकेत १९४८ साली जॉन ली हूकर या कृष्णवर्णीय गायकाने डेट्रॉइट शहरात एक गाणे ध्वनिमुद्रित केले. हूकर मोटारींच्या त्या शहरात कारखान्यात काम करीत असे. त्या ध्वनिमुद्रिकेत आहे काय? एक गळा, एक गिटार आणि त्याच्या पायाचा ठोका. तिसरा माणूस नाही. गाणे देशभर गाजले.

पण मला स्वतःला जास्त जवळचा वाटतो तो जेसी फुलर (१८९६–१९७६). दौंडच्या वाचकांनाही वाटेल, कारण हा गृहस्थ रेल्वेत नोकरीला होता. पन्नाशी उलटल्यावर त्याने गाण्यावर पोट भरायचे ठरवले. साथीला माणसे शोधली, पण वेळेवर येणारी मिळेनात. (हे दुःख सार्वत्रिक आहे!) तेव्हा त्याने स्वतःच एक उभे लाकडी धूड बनवले, त्याला पियानोच्या जाड तारा लावल्या, आणि पायाच्या अंगठ्याने दाबायच्या पट्ट्यांवरून कापड गुंडाळलेल्या हातोड्या त्या तारांवर पडतील अशी योजना केली. त्याचे नाव 'फोटडेला'. हातात बारा तारांची गिटार, गळ्यात अडकवलेल्या चौकटीत तोंडाने वाजवायचा बाजा, एका पायाखाली खर्ज आणि दुसऱ्या पायाखाली झांज. वासुदेवाचाच अमेरिकन भाऊ म्हणायचा. फरक इतकाच की वासुदेव चालतो आणि हा बसतो.

आता एक अडचण उरते, आणि ती सुताराने सुटणारी नाही. वाद्याला पाय कसा लावायचा? आपल्याकडे मृदंगाला चुकून पाऊल लागले तर चटकन हात लावून कपाळाला नेतात. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर वाद्येही पूजेला बसतात. घरातल्या आजीपुढे लाकडाचा ढोल ठेवून त्यावर पाय आपटायला सुरुवात केली तर काय ऐकावे लागेल, ते वाचकांना सांगायला नको. ही भावना मला मुळीच टाकाऊ वाटत नाही. वाद्याला जपणे त्यातूनच येते. पण घुंगरांचे काय करतो ते आठवावे. नर्तकी चाळ हातात घेते, कपाळाला लावते आणि मग पायात बांधते. चुकून लागलेला पाय आणि नमस्कार करून लावलेला पाय यांत आपल्या परंपरेनेच फरक केला आहे. ज्यांना तरीही जड जाते त्यांच्यासाठी दुसरा उपाय आहे: पाय पेटीवर न ठेवता शिलाई मशीनसारख्या पट्टीवर ठेवायचा आणि पट्टीच्या हातोडीने पेटीवर ठोका द्यायचा. त्याची कृती पुढे दिली आहे.

तर आता प्रत्यक्ष कामाला लागू. सुताराच्या भाषेत इंच आणि सूत, प्लायवुडवाल्याच्या भाषेत एम. एम.; दोन्ही लागतील.

मी करून घेतलेल्या पेटीची मापे अशी: लांबी १६ इंच, रुंदी ११ इंच, उंची टाचेच्या बाजूला २ इंच आणि बोटांच्या बाजूला साडेतीन इंच. हा उतार महत्त्वाचा. खुर्चीवर बसल्यावर पाऊल किंचित चढत्या पातळीवर ठेवले तर घोट्याला कमी त्रास होतो. चारही बाजूंच्या फळ्या सहा सूत जाडीच्या. त्यांना साग उत्तम. पण साग परवडत नसेल तर वसाहतीभोवतीच्या भंगारवाल्यांकडे यंत्रांच्या पॅकिंगचे पाइनचे लाकूड मिळते, तेही चालते. एक खबरदारी मात्र घ्यावी. परदेशी मालाच्या पॅकिंगवर शिक्का असतो. त्यात इंग्रजी 'एच.टी.' अक्षरे असतील तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले आहे, 'एम.बी.' असेल तर त्याला विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नये. रसायनांचे डाग किंवा वास असलेले लाकूड तर फुकट मिळाले तरी नको. अनवाणी पाय त्यावर राहणार आहेत.

आंब्याची फळी हलकी असते, सहज मिळते, पण तिला कीड लवकर लागते. बाभूळ नांगराला आणि गाडीला चांगली. चौकटीलाही चालेल, मात्र रंधा मारताना सुताराचे शिव्याशाप ऐकायची तयारी ठेवावी.

खरे काम वरच्या पडद्याचे. इथे एक गोष्ट ध्यानात घेतली की निम्मी पेटी जमली. माणसाची टाच टेकलेली असते आणि चवडा उठतो-पडतो. सगळ्या पेटीवर एकच पातळ पडदा लावला तर टेकलेली टाच त्याचा आवाज दाबून टाकते. तबल्याच्या पुडीवर तळहात ठेवून दुसऱ्या हाताने वाजवावे तसे होते. म्हणून मागच्या पाच इंचांत सहा सुती जाड फळी बसवायची आणि पुढच्या अकरा इंचांत ६ एम. एम.चे चांगले प्लायवुड. दोन्हींच्या सांध्याखाली एक आडवी पट्टी द्यायची, म्हणजे पडद्याची मागची कड तिच्यावर घट्ट बसेल. पट्टी अर्ध्या-पाऊण इंचाचीच असावी, पोकळी अडवणारी नसावी. पडद्याच्या मधोमध मात्र कुठलाही टेकू नको. प्लाय निवडताना तुकडा दोन बोटांत सैल धरून बोटाच्या पेराने ठोकून पाहावा. 'टक्' असा भरीव आवाज आला तर थर नीट चिकटलेले आहेत. फाटका आवाज आला तर आत पोकळी राहिली आहे, तो तुकडा सोडून द्यावा. ४ एम. एम.चा पडदा जास्त गुंजतो, पण जड माणसाच्या पायाखाली तो किती दिवस टिकेल याची खात्री नाही.

चौकट आणि तळाची फळी फेव्हिकॉल लावून स्क्रूने पक्की करावी आणि रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवावी. शिकंजा नसेल तर वर ज्वारीचे पोते ठेवले तरी भागते. वरचा पडदा मात्र चिकटवू नये. तो दोन-दोन इंचांवर स्क्रूने बसवावा, आणि चौकटीच्या कडेवर आधी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी किंवा जाड कागद अंथरावा. त्यामुळे दोन फायदे होतात: लाकडावर लाकूड झिणझिणत नाही आणि पुढेमागे पडदा बदलता येतो. ढोलकीची पुडी बदलतो, मग पायढोलाची का बदलू नये?

पुढच्या फळीत गिरमिटाने किंवा ड्रिलने दोन इंच व्यासाचे गोल भोक पाडायचे. या भोकातून खर्ज बाहेर येतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो घुमारा येतो त्याचेच तत्त्व इथे आहे: आत हवा जास्त आणि तोंड लहान, तर आवाज खाली उतरतो, हवा कमी आणि तोंड मोठे, तर चढतो. हिशेब असा की तोंड तेच ठेवून पोकळी दुप्पट केली तर घुमारा अर्ध्या सप्तकाने उतरतो, आणि चौपट केली तर पूर्ण सप्तकाने. वर दिलेल्या मापाच्या पेटीत तो सेकंदाला साधारण १३० आवर्तनांच्या आसपास येतो. आणखी खर्ज हवा असेल तर पेटी मोठी करावी लागेल, पण खुर्चीसमोर ट्रंक ठेवल्यासारखी ती दिसेल. त्यापेक्षा भोक दीड इंचाचे करून पाहावे. सुरुवात लहान भोकाने करावी हे बरे. लहान भोक मोठे करता येते, मोठे लहान करता येत नाही.

पेटी हाणताना पुढे सरकते, म्हणून खाली चार कोपऱ्यांना रबरी बूच लावावेत. गादी किंवा जाड सतरंजीवर ठेवली तर आवाज बसतो. आवाजाच्या शेवटी 'भूंऽ' अशी शेपटी रेंगाळत असेल तर आत हातरुमालाएवढा कापडाचा तुकडा टाकावा. छनछनाट हवा असेल तर तुटलेल्या खंजिरीच्या दोन-तीन झांजा एका कडेला आतून खिळ्यावर सैल अडकवाव्यात. जुन्या चाळातले चार-सहा घुंगरू चामड्याच्या पट्टीवर शिवून लावले तर आणखी गोड लागते. पण हा मोह आवरता घ्यावा. भजनात टाळ आहेतच, त्यात पायाखालून आणखी झांज आली की सगळा बाजार होतो.

सभामंडपात लोक जास्त असतील तर भोकासमोर एक माइक ठेवणे पुरते. एकट्याने गिटारवर गाणाऱ्या तरुणांना कार्यक्रमासाठी तार जोडायची असेल तर पडद्याच्या आतल्या बाजूला पिझोची चकती चिकटवता येते. गाणाऱ्या शुभेच्छापत्रांत आणि दारावरच्या बझरमध्ये असते तीच ही पितळी चकती. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळते. ती पाय पडतो त्याच्या बरोबर खाली लावू नये, नाहीतर ठोका टोचल्यासारखा येतो. दोन-तीन इंच बाजूला, मध्ये बुचाचा पातळ तुकडा घालून लावावी. तिची तार गिटारच्या इनपुटला जोडावी. माइकच्या इनपुटला जोडली तर खर्ज पातळ होतो.

पाय न लावणाऱ्यांची रीत: हीच पेटी आडवी न ठेवता मोठ्या बाजूवर उभी करायची, पडदा आपल्याकडे. पडद्यापासून तीन-चार इंचांवर जमिनीलगत एक फळी, तिच्यावर मागच्या टोकाला बिजागरीने जोडलेली दुसरी फळी. वरच्या फळीच्या पुढच्या टोकाला वीतभर उंचीचा दांडा, त्याच्या शेंड्याला लोकरीच्या कापडात गुंडाळलेला बुचाचा गोळा. दोन फळ्यांच्या मध्ये स्प्रिंग. चवडा दाबला की दांडा पुढे झुकतो आणि गोळा पडद्यावर पडतो. यात अंतर जुळवायला वेळ लागतो, पण आवाज जास्त मऊ येतो, मृदंगाच्या धुमेच्या जवळ जाणारा.

शिरूर तालुक्यातल्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे ही त्यांची पद्धत, आणि त्यातून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय पुढे अनेक शाळांत गेला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एम.आय.टी. संस्थेच्या सहकार्याने तिथे फॅब लॅबही उभी राहिली. आठवी-नववीच्या मुलांना कार्यानुभवात करायला द्यावी अशी वस्तू शोधणाऱ्या शिक्षकांना पायढोल सुचवावासा वाटतो. मोजमाप, करवत, रंधा, सांधा, थोडे डाग देणे, आणि पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला अनुनाद, एवढे सारे एका पेटीत येते. आणि तयार झाल्यावर ती वाजते! शाळेत केलेल्या वस्तूंपैकी किती वस्तू तयार झाल्यावर काही करतात?

वाजवायचे कसे? पहिले आठ दिवस फक्त सम. बाकी काही नाही. गाणे म्हणताना पाय चालवणे वाटते तितके सोपे नसते. सुरुवातीला पाय शब्दांच्या मागे धावतो, अक्षर आले की ठोका. म्हणून तोंडात गाणे आणि पायात सम एवढेच घोटावे. मग केरव्यात 'धा गे ना ती, ना के धी ना' मनात म्हणत पहिल्या आणि सातव्या मात्रेवर ठोका द्यावा. खर्जाचे ठळक बोल तिथे आहेत आणि मधली खाली खरोखरच खाली राहते. दादऱ्यात पहिली मात्रा भारी, चौथी हलकी. यापेक्षा जास्त पायाकडून मागू नये. पायाला चाटीचे बोल काढता येत नाहीत, उठाण घेता येत नाही. अर्ध्या तासाने नडगीपुढचा स्नायू भरून येतो. तेव्हा पाय बदलावा किंवा चवडा टेकवून टाचेने ठोके द्यावेत. वहाण काढूनच वाजवावे. बुटाचा आवाज कडक येतो, आणि देवळात तो प्रश्नच नाही.

एक शंका राहतेच. हा पायढोल ढोलकीवाल्याच्या पोटावर पाय देणार नाही ना? शंका पोकळ नाही. १९०९ मध्ये शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी मोठ्या ड्रमला पायाने ठोका देणारे पेडल चांगले सुधारून बाजारात आणले, आणि पाश्चात्य वाद्यवृंदांत दोघातिघांचे काम एकच माणूस खुर्चीवर बसून करू लागला. आपल्या लग्नांतल्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवणारा माणूस अजून वेगळा असतो, तो चालत वाजवतो म्हणून वाचला! तमाशा आणि संगीत बारीतल्या वादकांवर तर आधीच ध्वनिमुद्रित गाण्यांचे आणि डीजेचे संकट आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. जिथे ढोलकीवाल्याला मानधन देण्याची ऐपत आहे तिथे ढोलकीवालाच बोलवावा. लग्नात, जत्रेत, गणपतीच्या कार्यक्रमात पायढोल काढून दोन पैसे वाचवू नयेत. वारकरी कीर्तनात मृदंगाच्या जागी तर तो मुळीच नको. कीर्तनकार आणि मृदंगवाला यांच्यात जी नजरानजर चालते तिला दुसरा पर्याय नाही. पायढोलाची जागा त्या संध्याकाळी आहे, जेव्हा मृदंगवाला पाळीवर गेलेला असतो आणि एरवी बिनठेक्याचे किंवा मोबाइलच्या मागे फरफटत भजन झाले असते. घरी एकट्याने पेटीवर बसणाऱ्या बाईंसाठी आहे, गुडघ्याने खुर्चीवर नेऊन बसवलेल्या आजोबांसाठी आहे, गिटार शिकणाऱ्या नातवासाठी आहे. आणि मृदंगवाला पाळीवरून सुटून आलाच, तर ताबडतोब पाय उचलून घ्यावा.

एक-दोन व्यावहारिक सूचना राहिल्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पेटीखाली चौपदरी घोंगडी घालावी. खर्जाचा ठोका भिंतींपेक्षा जमिनीतून लवकर पोहोचतो, आणि खालचे बिऱ्हाड केरव्याचे रसिक असेलच असे नाही. पावसाळ्यात पेटी फरशीवर सपाट ठेवून देऊ नये, ओल तळाच्या फळीत शिरते आणि आवाज बसतो. काम झाले की ती भिंतीला टेकवून उभी ठेवावी, भोक बाहेरच्या बाजूला. मांजराचे पिल्लू असलेल्या घरात भोकावर जाळी लावलेली बरी.